काटा उतरला तेव्हा

आजच्या सभेचे अध्यक्ष, आपले नगराध्यक्ष महोदय, राजधानीहून वाट वाकडी करून आलेले सचिव साहेब, नदीपलीकडच्या स्टेशनचे प्रमुख, म्हणजेच आज पहिल्यांदाच या काठावर पाय ठेवलेले आमचे पाहुणे, ज्यांच्या निरोपासाठी आपण सगळे जमलो त्या आमच्या स्टेशनप्रमुख बाई, बाईंचे चिरंजीव, माझे सहकारी, आणि लाइनीच्या कडेने राहणाऱ्या माझ्या आयाबहिणींनो, बंधूंनो,

मला आवाज चढवून बोलायची सवय आहे. उभा जन्म कॉम्प्रेसरच्या घरघरीत गेला. घरी मीठ मागितलं तरी बायको म्हणते, ओरडता कशाला. तेव्हा कानठळ्या बसल्या तर पुढच्या रांगेनं हात वर करावा, मी माइकपासून लांब होईन.

बाईंचं कौतुक करायला मला उभं केलंय. पण बाईंनी सकाळीच बजावलं, 'कौतुक नको, झालं ते सांगा. नवीन लोक राहायला आलेत, त्यांना कुणी सांगितलेलं नाही.' म्हणून झालं ते सांगतो.

नवीन मंडळींसाठी थोडं मुळातून. आपली गॅसची लाइन नदीखालून येते. पलीकडच्या देशात गॅस निघतो, आपल्या जमिनीतून जातो आणि उत्तरेच्या देशाला पोचतो. लांबच्या वाटेत तो दमतो. त्याला मागून पुन्हा धक्का द्यायचा, हे आमच्या स्टेशनचं काम. वाटेत आपल्या वाट्याचा थोडा आपण काढून घेतो. या गावातली प्रत्येक चूल त्यावर पेटते.

लढाई सुरू झाली ती पलीकडच्यांशीच. पहाटे रेडिओवर बातमी ऐकली आणि मी अंगावरच्या कपड्यांनिशी कंट्रोल रूम गाठली. शत्रूचा गॅस आता बंद करायचा, यात विचारायचं काय? मुख्य व्हॉल्व्हच्या बटणावर माझा हात होता. बाई खुर्चीत बसून स्वेटरची बटणं लावत होत्या.

'हात काढा,' त्या म्हणाल्या. 'आधी फोन येऊ दे.'

फोन आला. आपल्या राजधानीचा हुकूम, लाइन चालू ठेवा. पाठोपाठ उत्तरेच्या देशाचा, चालू ठेवा. आणि मग पलीकडच्या स्टेशनचा. रोज सकाळी प्रेशरचा आकडा सांगणारा तोच आवाज, आपली भाषा थोडी अडखळत बोलणारा. म्हणाला, 'आम्हालाही चालू ठेवायला सांगितलंय. आजचं प्रेशर घ्या.' बाईंनी आकडा घेतला, आभार मानले, फोन ठेवला.

मी म्हटलं, 'बाई, हे काय चाललंय? तोफा सुरू झाल्यात.'

'त्यांना विकायचाय. उत्तरेला हवाय. आपल्याला मधलं भाडं हवंय. भांडण जमिनीचं आहे, गॅसचं नाही,' बाई म्हणाल्या.

घरी जाऊन बायकोला सांगितलं. आमची बायको तशी कमी शिकलेली, पण हिशेबाला पक्की. ती म्हणाली, 'म्हणजे त्यांचा गॅस जाळून उत्तरवाले कारखाने चालवणार, त्या कारखान्यातल्या तोफा आपल्याला देणार, त्या आपण पलीकडच्यांवर डागणार. आणि गॅसचे पैसे मिळाले की ते त्यातून आपल्यावर डागायला गोळे घेणार.' मी म्हटलं, हो. ती म्हणाली, 'मग चहा टाकू की नको?' शेवटी तिनं चहा टाकला, त्याच गॅसवर, आणि आम्ही तो प्यायलो.

सचिव साहेब, आपण घड्याळ बघितलंत. मी लांबण लावत नाही.

लढाई लांबत गेली तशी लोकांच्या एक गोष्ट ध्यानात आली. गोळे सगळीकडे पडतात, लाइनीवर पडत नाहीत. शाळा पडली, बाजार पडला, दवाखान्याची मागची बाजू गेली. लाइनीच्या दोन्ही अंगांना मात्र गवताचं पातं हललं नाही. दोन्ही बाजूंचे तोफखाने तिला हात लावत नव्हते, कारण तिच्यात दोघांचाही जीव अडकला होता. मग लोक पालं, पत्रे, पलंग घेऊन लाइनीच्या कडेला राहायला आले. मीही बायकोमुलांना आणि सासूबाईंना तिथेच आणून ठेवलं. सासूबाई लाइनीला पाठ टेकून विणकाम करत बसायच्या. म्हणायच्या, 'माहेराइतकं निर्धास्त वाटतं हो.' दुश्मनाच्या पाइपाला टेकून.

आता बाईंच्या मुलाचं सांगतो. त्याची परवानगी काढली आहे. तो तेव्हा डोंगरातल्या तुकडीत होता. तिथून माणसं परत येत नव्हती. बाईंनी आयुष्यात कुणाकडे काही मागितलं नाही, बढतीसुद्धा नाही. पण स्टेशनची पाहणी करायला एक वरिष्ठ अधिकारी आले, त्यांना बाई गाडीपर्यंत पोचवायला गेल्या आणि तिथे उभं राहून म्हणाल्या, 'माझ्या मुलाला लाइनीच्या पहाऱ्यावर घ्या.' मी तिथेच होतो. त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही. पंधरवड्यात मुलगा नदीकाठच्या चौकीवर आला. त्याच्याबरोबर आणखी तिघं. चौघंही याच भागातली पोरं. बाई त्यांना डबा पाठवायच्या. त्या दिवसांत मी बाईंना गुणगुणताना ऐकलं आहे.

आणि मग एका सकाळी काटा उतरला.

थोडासाच. प्रेशर दाखवणाऱ्या गेजवरचा काटा थोडाफार हलतो, आम्ही लक्ष देत नाही. पण दुसऱ्या दिवशी आणखी उतरला. तिसऱ्या दिवशी फोनवर बाईंनी विचारलं, 'प्रेशर का कमी होतंय?'

पलीकडून उत्तर आलं, 'देखभालीचं काम आहे.'

'हिवाळ्याच्या तोंडावर?'

बाईंनी रिसीव्हर माझ्याही कानाशी धरला होता. तो आवाज म्हणाला, 'बाई, तुमच्याकडे पाहुणे उतरलेत ना? फार दिवस झाले त्यांना. आता आपापल्या घरी पाठवा.' आणि फोन बंद झाला.

मला काही कळलं नाही. बाईंचा चेहरा मात्र उतरला. त्या नकाशासमोर जाऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, 'पाहुणे म्हणजे लाइनीकडेची आपली माणसं. उत्तरवाल्यांना दुसरीकडून गॅस मिळाला. समुद्राकडून, तिथे टाकत होते त्या नव्या लाइनीतून. पलीकडच्यांकडूनच, पण आपल्याला वगळून. दोघांचा सौदा झालाय.'

'पण उत्तरवाले आपले मित्र आहेत, बाई. आपल्याला तोफा देतात.'

'लाइन आपल्या जमिनीतून जात होती तोवर होते,' त्या म्हणाल्या. 'आता ही लाइन कुणालाच नको. मग तिला जपेल कोण?'

मंडळी, गरज सरो वैद्य मरो ही म्हण आपण लहानपणी पाठ करतो. ती देशांनाही लागू असते आणि तिचा गोळा आपल्या दारात पडू शकतो, हे शाळेत कुणी सांगत नाही. माझी बायको, मुलं, सासूबाई, निम्मं गाव लाइनीला टेकून निर्धास्त बसलं होतं.

बाईंनी राजधानीला फोन लावला. तिकडून सांगितलं, अफवा पसरवू नका, उत्तरेशी आपली मैत्री अभेद्य आहे, लोकांत घबराट केलीत तर नोकरी जाईल. बाई 'बरं' म्हणाल्या. फोन ठेवला आणि स्टेशनचा धोक्याचा भोंगा वाजवला. लोकांना सांगितलं, गॅसगळती आहे, लाइनीपासून लांब व्हा, डोंगराखालच्या दगडाच्या खाणीत जा. सौद्याबिद्याचं सांगत बसल्या असत्या तर कुणी हललं नसतं. गळती म्हटल्यावर लोक उठले. कुरकुर केली, शिव्या दिल्या, पण उठले. सासूबाई म्हणाल्या, 'इतकी सोन्यासारखी जागा सोडून दगडात कसलं राहायचं?' त्यांना मी खांद्यावर घेऊन नेलं. वाटेत त्या मला बोलत होत्या.

पहाऱ्यावरच्या पोरांना मात्र गळतीचं सांगून चालणार नव्हतं. बाईंनी चौकीला फोन केला. मुलगा म्हणाला, 'आई, हुकमाशिवाय चौकी सोडता येत नाही.'

'हुकूम मी मागितलाय. येत नाहीये.'

'मग नाही सोडता येत.'

'तू इथे आहेस तो माझ्यामुळे आहेस,' बाई म्हणाल्या. 'मला माहीत असतं तर...' मग एकदम स्टेशनच्या कामाच्या आवाजात म्हणाल्या, 'चौकी सोडू नका. पण शेजारी ओढ्याची घळ आहे. तिथून चौकी दिसते. आळीपाळीनं दोघं घळीत, दोघं वर. एवढं तर चालेल?'

'एवढं चालेल, आई.'

त्यानंतरच्या सकाळी काटा शून्यावर आला. दिवस वर येतो न येतो तोच पलीकडून तोफमारा सुरू झाला. लाइनीवरच. नदीपासून स्टेशनपर्यंत, जणू दोरी धरून. पालांची वस्ती होती तिथे नुसते खड्डे राहिले. खाणीत बसून आम्ही ते ऐकलं. सासूबाईंनी माझा हात जो धरला तो दुपारपर्यंत सोडला नाही.

घळीतली दोघं वाचली. त्यांत बाईंचा मुलगा होता. पाय गेला, पण वाचला. वरची दोघं गेली. त्यांच्या आया आज समोर बसल्या आहेत. बाई त्यांच्याकडे पहिल्यांदा गेल्या तेव्हा मी सोबत होतो. तिथे काय बोलणं झालं ते मी सांगणार नाही. एवढंच सांगतो की निरोप समारंभाला आम्ही येणार, असं त्या दोघींनी आपणहून कळवलं.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. वर्षभरात वारं फिरलं. समुद्रातल्या सौद्यावरून उत्तरवाले आणि पलीकडचे एकमेकांवर उठले. पलीकडच्यांना गॅस विकायला पुन्हा वाट हवी होती, आपल्याला उत्तरेविरुद्ध पाठीराखा हवा होता. काल ज्यांच्या तोफा आपल्याकडे तोंड करून होत्या त्यांच्याशी करार झाला. उत्तरवाल्यांच्या मदतीतून बांधलेल्या याच सभागृहाच्या दारावर त्यांच्या नावाची पाटी होती. ती निघाली. स्क्रूची भोकं तेवढी राहिलीत. येत्या सोमवारी लाइन पुन्हा सुरू होते आहे आणि स्टेशनचा ताबा माझ्याकडे येतो आहे.

आमचे पाहुणे दुपारी पोचले. इतकी वर्षं ज्यांचा नुसता आवाज ऐकला ते माणूस म्हणून समोर उभे राहिले. मला वाटलं होतं उंच असतील. बाईंचा मुलगा कुबडीवर उभा होता. त्यानं सरळ विचारलं, 'त्या दिवशी तुम्हाला माहीत होतं?'

पाहुणे म्हणाले, 'लाइन आता कुणाच्या उपयोगाची राहणार नाही, एवढं कळलं होतं. फोनवर तिसरा माणूस ऐकत होता. त्याहून जास्त बोलता आलं नाही.' थोडं थांबून म्हणाले, 'बोललो असतो की नाही, हेही मला सांगता येत नाही.'

मुलानं आपल्या शेजारची खुर्ची कुबडीनं ओढली आणि त्यांच्यापुढे केली. पाहुणे बसले. बाईंनी विचारलं, 'प्रवास नीट झाला ना?' इतकंच.

असो. मुख्य कार्यालयानं या भाषणात घालायला मला एक वाक्य लिहून पाठवलं आहे, की दोन्ही देशांची ही मैत्री चिरंतन आहे. सचिव साहेब, माझ्या मनात पाहुण्यांबद्दल काडीचाही किंतु नाही. पण ते वाक्य माझ्या तोंडून निघत नाही. मागच्या वेळी तेच वाक्य उत्तरेसाठी होतं, फक्त देशाचं नाव बदललंय.

मला भीती वेगळीच वाटते. आज येताना मोजदाद नाही इतकी नवी घरं लाइनीच्या कडेनं उठलेली पाहिली. या वेळी पक्की, विटांची. एका बाईला मी म्हटलं, मावशी, इथे कशाला? ती म्हणाली, 'सगळ्यांत सुरक्षित जागा ही, सगळेच सांगतात.' तिचं खोटं नाही. आजच्या दिवशी ती खरंच सुरक्षित आहे. किती दिवस राहील हे या मंचावरच्या कुणालाही सांगता येणार नाही, आणि ज्यांना सांगता येईल त्यांना आधी तुमची आठवण येणार नाही.

म्हणून परवा बाईंची सही घेतली आणि स्टेशनच्या फाटकाबाहेर रस्त्याकडे तोंड करून एक मोठा गेज बसवायचा ठरवला. आतल्या काट्याचंच प्रेशर तिथे दिसेल. लहान पोरालाही वाचता येईल एवढे आकडे. वरून परवानगी मागितलेली नाही. सोमवारी गॅस सुरू झाला की तोही सुरू होईल. दूध आणायला जाताना, पोरांना शाळेत सोडताना त्याच्याकडे बघत जा. मैत्रीच्या बातम्या वाचा, पण आधी काटा बघा. उतरायला लागला तर माझ्या भोंग्याची वाट बघू नका. मी तेव्हा खुर्चीत असेन की नसेन, काय सांगावं.

बाई, तुमचे आभार मानायला मला शब्द नाहीत आणि तुम्हाला ऐकायला आवडत नाहीत, तेव्हा तो विषय इथेच सोडतो. अध्यक्षांनी बोलू दिलं, पाहुण्यांनी नदी ओलांडली, त्या दोन माउल्या इथवर आल्या, सर्वांचा मी ऋणी आहे. बोलण्याच्या भरात कुणाला लागलं असेल, शिष्टाचार चुकला असेल, तर आपला माणूस म्हणून पोटात घाला. सचिव साहेब, आपण काहीतरी लिहून घेताना दिसलात. गेजची ऑर्डर गेली आहे, एवढं त्यात जरूर लिहा.