डॅनिशवाले खंय, कझाकवाले खंय?

मला भित्री म्हणता ना, मग मालवणच्या शाळेतली माझी मुलाखत ऐकाच. जागा भूगोलाच्या बाईंची होती, आणि वडील गेल्यापासून आमच्या घरात कमावतं कोणी नव्हतं. हेडमास्तरांनी शुद्ध मराठीत विचारलं, "डॅनिश आणि कझाक भाषांच्या प्रदेशांची तुलना करा." तेवढ्यात मागची खिडकी आपटली. मी अशी दचकले की कॉलेजात शिकलेलं सगळं पार पुसलं गेलं.

हेडमास्तरांनी चष्मा काढून ठेवला आणि मराठी सोडून मालवणीत म्हणाले, "भियां नको गो बाय. डॅनिशवाले खंय रवतत?"

"आमच्यासारके दर्याकडेन, डेन्मार्कात," मी बोलून गेले. "थयसून बोटीन ग्रीनलँडात गेले."

"नि कझाकवाले?"

"ते रशियाकडच्या कझाकस्तानात. घोड्यार बसान, ढोरां घेवन चीनात, मंगोलियात पसारले. तेंचो मुलूख डेन्मार्काच्या कितीतरी पट मोठो!"

मी थांबेचना. शेवटी त्यांनी हात वर केला, "पुरे गो! जागा तुकाच दिलंय."

त्यांचे उपकार कसे फेडू? मी वाकून पाया पडले, तर म्हणाले, "पण वर्गात मराठीत शिकव हां. नायतर इन्स्पेक्टर आधी माकाच घराक धाडतलो!"