शिक्का मारायच्या आधीची फाइल

उत्रोलीची ग्रामस्थ मंडळी, विद्यार्थी, आणि पुढं बसलेल्या सुमनच्या आई. रोज माइकवरून सूचना देणारा माणूस मी, पण आज सुमनच्या शोकसभेत एक कबुली द्यायला उभा आहे. जमेल तसं बोलतो.

मी विद्यापीठाच्या या अभ्यासकेंद्राचा क्लार्क. सूचना, नोट्स वेबसाइटवर टाकणं माझं काम. सुमन आपल्याकडं एम.ए. करत होती. तिला जन्मापासून दिसत नव्हतं. पडद्यावरची अक्षरं मोबाईलच मोठ्यानं वाचून दाखवायचा, ती ऐकायची. गेल्या आठवड्यात तापाचं निमित्त झालं आणि पोरगी गेली.

आता माझं सांगतो. आपली पद्धत तुम्हाला ठाऊक आहे. शिक्का नाही तर कागद खरा नाही. मी नोट्स टाइप करायचो, प्रिंट काढायचो, पानापानावर गोल शिक्का मारायचो, सही घ्यायचो, मग स्कॅन करून टाकायचो. स्कॅन केलं की पानाचा नुसता फोटो होतो. तुम्हा-आम्हाला वाचता येतो. सुमनच्या मोबाईलला त्यात अक्षर सापडायचं नाही. तो म्हणायचा, चित्र. पुढचं पान, चित्र.

पहिल्या वर्षी गावातली मैत्रीण वाचून दाखवायची. तिचं लग्न झालं. मग सुमन एसटीनं माझ्या टेबलाशी आली. तिनं मागितलं काय?

"सर, शिक्का मारायच्या आधीची फाइल द्या."

ती फाइल माझ्या कॉम्प्युटरवरच होती हो. आणि मी म्हणालो, बिनशिक्क्याचं बाहेर जात नाही, घरी कुणाकडून तरी वाचून घे. कुणाकडून? आईंना वाचता येत नाही; येतं का, हे मी विचारलंसुद्धा नाही.

तीनदा आली. तीनदा तेच ऐकवलं. परीक्षेचा फॉर्म भरायची शेवटची तारीखही मी तशीच शिक्का मारून, स्कॅन करून वेबसाइटवर टाकली. तिला कळलीच नाही. वर्ष वाया गेलं. मला वाटलं, आता भांडेल. ती म्हणाली, माझं गेलं ते गेलं, मागनं येणाऱ्यांना तरी द्या. तेव्हा कुठं मला लाज वाटली. सगळ्या फाइली टाइप केलेल्या तशाच चढवल्या. किती वेळ लागला? एक दुपार.

एका दुपारच्या कामापायी तिचं वर्ष गेलं, मंडळी. नाहीतर सुमन एम.ए. होऊन गेली असती. परवा आईंच्या पाया पडून सगळं कबूल केलं. त्या म्हणाल्या, "ती तुमचं नाव चांगलंच घ्यायची. म्या काय बोलू?" त्यांनी दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

सारोळ्याहून सुमनच्या दोन मैत्रिणी आल्यात. त्यांनाही दिसत नाही. पोरींनो, तुमच्यासाठी सांगतो. समोर टेबलावर सुमनचा फोटो आहे. निळा ड्रेस, एक वेणी, कानाशी मोबाईल. पहिल्या वर्षाचा निकाल ऐकतेय. तोंड भरून हसतेय. हार चेहऱ्यावर येत होता, तो मी खाली सरकवलाय.

आता श्रद्धांजलीला सगळे उभे राहू. दोन मिनिटं झाली की मी तोंडानं सांगेन. सुमन, माझं चुकलं, बाळा.