पुळीच्या मधला केस

आदरणीय अध्यक्ष महादेवराव, व्यासपीठावरील मान्यवर, माझ्या सहकारी शिक्षिका, पालक आणि मुलींनो,

हिवाळ्यात वसतिगृहाच्या पायऱ्यांवर ऊन यायचं, ते आठवतं? वरच्या पायरीवर वेणी घालणाऱ्या आपल्या वसतिगृहाच्या सेविका अनुसयाबाई, खालच्या पायरीवर एखादी मुलगी. तिची वेणी होईस्तोवर मागची संत्रं सोलत उभी.

भरपूर तेल आणि घट्ट दोन वेण्या हा नियम माझा. माझ्या कॉन्व्हेंटमधून मी तो जसाच्या तसा इथे आणला होता. मुख्याध्यापिका म्हणून आज माझ्या शिस्तीचं एवढं कौतुक झालं, म्हणून हे सांगणं भाग आहे.

नऊ वर्षांपूर्वी पवनारच्या मयुरीच्या मानेवर, भांगाच्या कडेला लाल पुळ्या आल्या. टोकाला पिवळसर पू, हात लावला की दुखायच्या. मी लांबूनच खरूज ठरवली. अनुसयाबाईंनी मला जवळ बोलावलं. "मॅडम, नीट पाहा. हरेक पुळीच्या मधात केस हाय. खरूज असती त बोटाच्या बेचक्यात दिसली असती. वेण्या लय घट्ट होऊन राह्यल्या पोरींच्या."

मी विचारलं, "तुम्ही डॉक्टर आहात का?"

मयुरीला त्याच दिवशी घरी पाठवलं. तुमच्याच हातांनी हे पसरलं, असं सगळ्यांसमोर म्हणून अनुसयाबाईंना फाटकावर राखणीला बसवलं. मुलींनी मयुरीचं नाव 'खरूजवाली' पाडलं. ती परत आली नाही. तिची परीक्षा बुडाली.

पुढच्याच महिन्यात आरोग्य तपासणीला आलेल्या डॉक्टरांनी आणखी चौघींच्या माना पाहिल्या. म्हणाले, हे केसतूड. केसांच्या मुळांना सूज आहे. वेण्या सैल करा, तेल थांबवा, पुळ्या पिळू नका, कंगवा प्रत्येकीचा वेगळा ठेवा. वाढलं किंवा ताप आला तर दवाखान्यात आणा.

मी काय केलं? नियम गुपचूप बदलला. कारण कुणाला सांगितलं नाही. अनुसयाबाईंना परत बोलावलं असतं, तर कारण सांगावं लागलं असतं. रोज मी फाटकातून आत येताना त्या "नमस्ते मॅडम" म्हणायच्या आणि मी घड्याळ बघायचे. नऊ वर्षं, बायांनो.

अनुसयाबाई, तुम्ही मागे उभ्या आहात. तुम्ही बरोबर होतात. हे त्याच दिवशी, तेवढ्याच मोठ्याने बोलायला हवं होतं.

एवढ्या प्रेमाने माझा सत्कार केलात, मी आभारी आहे. बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल तर पोटात घाला. केलं ते मात्र घालू नका.

आता या वस्तूंचं. फुलं प्रार्थना म्हणणाऱ्या मुलींना द्या. मानपत्र कार्यालयात राहू दे, पण 'मुलींच्या आरोग्याची काळजी वाहणाऱ्या' ही ओळ खोडा. शाल अनुसयाबाईंना, त्यांनी घेतली नाही तर आग्रह करू नका. मुलींची तपासणी सोमवारपासून त्यांच्याकडे, त्यांची इच्छा असेल तरच. नारळ पवनारला, मयुरीच्या घरी. तो कुणाबरोबर पाठवू नका. मी घेऊन जाईन.