ऑपरेशनआधीचा चहा

सांगा बरं, धंद्यात काय किंवा दवाखान्यात काय, विश्वास कुणावर ठेवावा? मी दोनदा विचारणाऱ्यावर ठेवतो.

शहाण्णव-सत्त्याण्णव सालची गोष्ट. चांदवडचे आमचे थोरले बंधू, अण्णा, हर्नियाच्या ऑपरेशनला नाशकात आले होते. डॉक्टरांनी उपाशीपोटी राहायला बजावलं होतं. सकाळी सिस्टरनी विचारलं, "काही खाल्लं का?" अण्णा म्हणाले, "नाय." स्ट्रेचर आलं. सोबतची नर्सिंग शिकणारी मुलगी मात्र थांबली.

"बाबा, उठल्यापासून तोंडात काय काय गेलं?"

"काय नाय. चहा तेवढा."

"दुधाचा?"

"मग काय कोरा पिऊ? उपवासालासुद्धा चालतो की चहा!"

तिनं स्ट्रेचर धरूनच ठेवलं. मी म्हणालो, "अहो ताई, कपभर चहानं काय होतंय?"

"काका, भूल दिल्यावर उलटी झाली तर ती फुप्फुसात उतरते. माणूस दगावतो."

ऑपरेशन दुसऱ्या दिवसावर गेलं. अण्णा पुढं बरीच वर्षं माझ्याशी भांडायला होते.

तेव्हा तुम्हीही दवाखान्यात गेलात, तर पोटाचा हिशेब खरा द्या. चहासुद्धा धरा.