उजवा कान

तंजावरच्या त्वचारोगाच्या दवाखान्यात मागच्या बाकावरून आपलं घरचं मराठी ऐकू आलं, तेव्हा भारतीबाईंनी हातातलं मासिक उगाच उघडं ठेवलं. बाप आणि लेक बोलत होते.

"हेल्मेटचा पट्टा घासतो गं. भरून येईल."

"डाव्या कानावरचा हा चट्टा पोंगलपासून भरतोच आहे, अप्पा. आज तुकडा काढून कॅन्सर आहे का ते तपासणार आहेत. रोज सायकलनं तिरुवैयारूला जाता, ऊन चढल्यावर परतता. उन्हाचं क्रीम का नाही लावलंत?"

"ते पोरींचं. मी काळा पडलो तर कुणाचं काय अडलंय?"

"आणि मी पडले असते तर?"

"तुझं लग्न व्हायचं होतं."

"म्हणून माझी सायकलही विकलीत. ऊन कातडीला बाधतं, हे मात्र कुणाच्या डोक्यात आलं नाही."

"हळू बोल, हरिता. लोक ऐकतायत."

"ऐकू देत. हे क्रीम घ्या, लावा."

"इथं? चारचौघांत?"

"मला शाळेच्या फाटकात सगळ्यांसमोर फासायचात. उजव्या कानाला लावा, अप्पा. तो तरी अजून धड आहे."