दृष्टीच्या गाण्यातला आवाज

दृष्ट काढण्याची गाणी गोळा करणे मी का सोडले, असे मघाशी विचारलेत. त्याला कारण माझा धाकटा भाऊ श्रीनिवास.

पंचेचाळिशीत त्याला मॅरेथॉनचा नाद लागला. पहिले पदक घेऊन तो जयनगरच्या घरी आला, तेव्हा त्याची बायको मालती मीठ-मोहऱ्या घेऊन पुढे झाली. तिच्या मराठी गाण्यात कन्नड ओळी गुंफलेल्या होत्या. असा पाठ मला पूर्वी कधी मिळाला नव्हता, म्हणून मी फोनवर रेकॉर्डिंग सुरू केले.

"अण्णा, हिला आवरा! माझ्यावर कोण जळणार?" श्रीनिवास मला म्हणाला.

"गप बसा हो. सगळ्या हेब्बाळनं बघितलंय तुम्हाला अर्ध्या चड्डीत पळताना," मालती म्हणाली.

पुढच्याच महिन्यात हेब्बाळच्या तळ्याकाठी पळता पळता त्याचे हृदय अचानक बंद पडले. दवाखान्यात पोहोचण्याआधीच तो गेला.

वर्षश्राद्धाच्या दिवशी मालती म्हणाली, "अण्णा, ते रेकॉर्डिंग द्या की. गाणं नको, ह्यांचा आवाज ऐकायचाय."

देण्यापूर्वी मी ते स्वतः ऐकले. मालती गात गात स्वयंपाकघरात मोहऱ्या जाळायला जाते, तेव्हा तो हळूच म्हणतो, "अण्णा, परवा पळताना स्वल्प भोवळ आली. छातीत..."

"गप्प रे, रेकॉर्डिंग चाललंय," असे मी म्हणतो.

पळताना येणारी भोवळ हा हृदयाचा इशारा असू शकतो, हे मला फार उशिरा कळले. मालती अजून रेकॉर्डिंग मागते. मी ते रोज ऐकतो, आणि दर वेळी वाटते, या खेपेस मी त्याला पुढे बोलू देईन.