पेटीच्या मागच्या बाजूचं नाव

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या शाळा व्यवस्थापन समितीचे प्रमुख आदरणीय शांतारामभाऊ, व्यासपीठावर विराजमान झालेल्या केंद्रप्रमुख निर्मला मॅडम, ज्यांच्यासाठी हा हार-तुऱ्यांचा थाट आहे ते आपले सत्कारमूर्ती गौरव सर, माझे सहकारी शिक्षक, आजचा कामाचा दिवस मोडून आलेले झरीकडचे आणि वेवजीकडचे पालक, आणि पुढे सतरंजीवर शहाण्यासारखी बसलेली माझी मुलं, सर्वांना माझा मनापासून नमस्कार.

निर्मला मॅडमनी मला पाच मिनिटं दिली आहेत आणि "प्रभाताई, छान छान बोला" असं दोनदा सांगितलं आहे. छान बोलण्यासारखं पुष्कळ आहे. ते आधी बोलते, कारण ते सगळं खरं आहे.

गौरव सर पाच वर्षांपूर्वी आपल्या पाड्यावरच्या या शाळेत आले तेव्हा आम्हा जुन्या मंडळींना काय वाटलं असेल? डहाणूच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेला मुलगा, खांद्याला लॅपटॉपची बॅग, पायात पांढरे बूट. वर्षभरात डहाणूला बदली मागेल, असं मीच म्हटलं होतं. पहिल्या पावसात बुटांचा रंग गेला, सर राहिले. इथे फोनला महाराष्ट्रापेक्षा गुजरातचं नेटवर्क आधी सापडतं आणि तेही वाऱ्यावर अवलंबून, म्हणून इंटरनेटवरचे धडे काही चालेनात. दुसरा कोणी असता तर वरती तसं कळवून मोकळा झाला असता. सरांनी दिवाळीची सगळी सुट्टी घालवून स्वतःचंच एक सिम्युलेशन तयार केलं आणि शाळेच्या चार टॅबवर चढवलं.

सर त्याला सिम्युलेशन म्हणतात, मुलं 'पेटी' म्हणतात. ज्या पालकांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. पडद्यावर चिकूची एक भरलेली पेटी असते आणि तिला ढकलणारा एक माणूस. शांतारामभाऊ, त्याच्या डोक्यावरची टोपी तुमचीच आहे, सरांनी कबूल केलं नाही तरी. खाली जमीन आपण निवडायची: फरशी, सारवण, वाळू की चिखल. मग बोटाने जोर वाढवत न्यायचा. जोर वाढला की बाण लांब होतो आणि पुरेसा झाला की पेटी सरकते. चिखलात तो माणूस घामाघूम होतो, मुलं हसून लोळतात. बल, घर्षण, गती हे शब्द मी सव्वीस वर्षं फळ्यावर लिहिले आणि मुलांनी वहीत उतरवले. सरांच्या वर्गात ते मुलांच्या बोटांना कळले. सुरुवातीला मला थोडा मत्सर वाटला होता, तोही आज कबूल करते.

आणि सरांचा एक नियम होता. बटण दाबण्याआधी प्रत्येकाने आपला अंदाज पाटीवर लिहायचा. वर्गाच्या भिंतीवर ते वाक्य अजून आहे: 'अंदाज चुकला तर चालेल, न लिहिलेला चालणार नाही.' त्यासाठीचा निळा रंग मी तलासरीच्या बाजारातून आणला होता. आपल्याकडची मुलं चुकायला फार घाबरतात हो. चुकलं की घरी बोलणी, शाळेत बोलणी. त्या वाक्याने ती तोंड उघडायला लागली. माझ्या नोकरीतली सगळ्यात चांगली गोष्ट कोणती, असं कोणी विचारलं असतं तर मी त्या भिंतीकडे बोट दाखवलं असतं.

मॅडम घड्याळ पाहत आहेत. थोडं थांबा मॅडम, मुख्य गोष्ट आता येते आहे.

गेल्या वर्षी चौथीत लाडकी होती. आता पाचवीत आहे, आज सतरंजीवर तिसऱ्या रांगेत बसली आहे. मागे भिंतीला टेकून तिची आई बायजी आहे. बायजी डहाणूकडच्या चिकूच्या वाडीत कामाला जाते. सुट्टीत लाडकी बरोबर जाते आणि भरलेल्या पेट्या सरकवायला आईला हात लावते. तर एक दिवस भर वर्गात ही मुलगी उठून म्हणाली, "सर, तुमची पेटी खोटी हाय. खरी पेटी पहिली हलतच नाय. एकदा हलली का मग हलकी जाते. तुमची पहिल्यापासून तेवढीच जड."

दुसऱ्या एखाद्या शिक्षकाने तिला खाली बसवलं असतं. कदाचित मीच बसवलं असतं. सरांनी काय केलं? खरी पेटी मागवली, तिच्यात दगड भरले आणि ताणकाटा आणला. हुकाला वस्तू अडकवून ओढली की किती जोर लागला ते दाखवणारा तो काटा. व्हरांड्यात पेटी ओढायला लागले. काटा चढत चढत आठावर गेला, पेटी हलली, आणि सरकत राहिली तेव्हा काटा सहावर आला. चोवीस मुलांनी एकेकदा ओढून पाहिली. प्रत्येक वेळी तेच. पुस्तकात ही गोष्ट फार पुढच्या इयत्तेत येते म्हणे. आमच्या लाडकीला ती वाडीत कळली होती.

सर पायरीवर बसले आणि सगळ्यांसमोर तिला म्हणाले, "लाडकी, माझं चुकलं. हे मी दुरुस्त करीन आणि पेटीवर तुझं नाव लिहीन."

मी दारात उभी होते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, हे सरांनाही माहीत आहे. त्या दिवसापासून लाडकी मला रोज विचारायची, नाव कुठल्या रंगात येईल.

मग डिसेंबरात पत्र आलं. दहा दिवसांनी जिल्ह्याहून पाहुणे येणार, सरांचा आदर्श पाठ बघणार. दुरुस्ती करायला घेतली तर टॅब मध्येच बंद पडायला लागले, म्हणून सरांनी जुनीच पेटी परत चढवली. इथवर माझी काही तक्रार नाही. दहा दिवसांत कोण काय करणार?

आदर्श पाठाची तयारी कशी होते हे इथल्या शिक्षकांना मी सांगायला नको. आपण सगळ्यांनी ती केली आहे. फळा आधी सजतो, उत्तरं आधी पाठ होतात. सरांच्या पाठात तर त्याहून पुढची गोष्ट झाली. सगळेच अंदाज बरोबर आले तर पाहुण्यांना संशय येईल, म्हणून चुकीचे अंदाज कोणी लिहायचे तेही ठरलं. पहिल्या प्रश्नासाठी तीन मुलं निवडली. चुकायची तालीम घेतली. भिंतीवरच्या त्या निळ्या वाक्याखाली बसून मुलं आठ दिवस ठरवून चुकत होती.

लाडकीला ते जमेना. 'पेटी हलल्यावर किती जोर लागेल' या प्रश्नाला 'तेवढाच' असं लिहायचं होतं, कारण जुनी पेटी तेच दाखवणार. ती प्रत्येक तालमीत 'कमी' लिहायची. समजावलं, रागावलं, तरी 'कमी'. मी सांगितलं, सर, लिहू दे ना, आणि पाहुण्यांना सांगा की हिनेच चूक काढली. सर हसले आणि म्हणाले, तुम्हाला वाटतं तितकं ते सोपं नाही.

पाठाच्या आदल्या दिवशी सर माझ्याकडे आले. मला ते ताई म्हणतात. माझ्या घरी जेवले आहेत, माझ्या मुलाच्या लग्नात वाढायला उभे राहिले आहेत. ते म्हणाले, "ताई, उद्या लाडकीला तुमच्या पहिलीत बसवा. काही तरी सांगा. तुमचं ऐकते ती."

आणि मी तिला बसवलं. तिला म्हटलं, उद्या पहिलीच्या मुलांना सांभाळायला मला मदत हवी आहे, तुझ्याशिवाय कोणाला जमणार नाही. ती खूश झाली. सकाळी तेल लावून, दोन वेण्या घालून आली. आमच्या दोन वर्गांत एक पत्र्याचं पार्टिशन आहे. त्यातून सगळं ऐकू येतं. सरांचा आवाज आला, "पेटी हलायला वीस लागले. आता हलल्यावर, तशीच चालत ठेवायला किती लागतील?" आणि तेवीस मुलांनी एका सुरात सांगितलं, "तेवढेच." मग टाळ्या झाल्या.

लाडकीच्या मांडीवर पहिलीतला एक मुलगा होता. तिने माझ्याकडे पाहिलं. मी फळ्याकडे वळून 'अ' काढायला लागले.

मार्चमध्ये सरांची पेटी एका मोठ्या स्पर्धेत पहिली आली. जी पहिली आली ती दुरुस्त केलेली पेटी होती. आधी अडते, मग हलकी जाते. अगदी लाडकीने सांगितली तशी. त्याच जोरावर सर आज जिल्ह्याच्या प्रशिक्षण विभागात चालले आहेत. त्यांच्या हुशारीबद्दल माझ्या मनात आजही शंका नाही. जूनमध्ये नवी पेटी आपल्या टॅबवर आली. बरोबर एक छापील पुस्तिका होती, ती मी दोनदा वाचली. त्यात लिहिलं आहे, 'वर्गाध्यापन करताना ही त्रुटी माझ्या लक्षात आली.' सर, माझ्या लक्षात आली? तुमच्या?

मला फसवल्यासारखं वाटलं. वाटलं काय, फसवलंच गेलं. तुम्ही चुकलात म्हणून नव्हे. चुकलं तर चालतं हे ज्या माणसाने आम्हाला शिकवलं, त्यालाच स्वतःची चूक चार पाहुण्यांपुढे चालली नाही, आणि ती लपवायला त्याने माझा शब्द वापरला, म्हणून.

जूनमध्ये नवी पेटी आली त्या दिवशी लाडकीने टॅब हातात घेतला. पेटीच्या समोर एक गोल छाप आहे, स्पर्धेचा. तिने बोटाने पेटी इकडे ओढली, तिकडे ओढली. फरशीवर नेली, वाळूत नेली, चिखलातही घालून पाहिली. मग मला म्हणाली, "बाई, नाव मागच्या बाजूला असंल ना? ही पेटी फिरवता येते का?"

मी म्हटलं, असेल.

त्यानंतर लाडकी पाटीवर अंदाज लिहीत नाही. पाटी कोरी ठेवते आणि मुलं काय लिहितात ते बघून मग लिहिते. परवा बायजी मला रस्त्यात भेटली. पोरीचं शाळेत काही चुकलं का, असं विचारत होती. म्हणत होती, शाळेत मन लागत नसेल तर पुढच्या वर्षी वाडीतच घेऊन जाते.

निर्मला मॅडम, शाल आणि श्रीफळ माझ्या हातून द्यायचं ठरलं आहे ते मी देणार आहे. सर, तुमचा मान तुम्हाला मिळायलाच हवा. पुस्तिका परत छापता येते की नाही मला माहीत नाही. पेटीवर एक नाव लिहायला मात्र तुम्हाला एक दुपार पुरेल, आणि ते तिला स्वतः सांगायला तर सतरंजीवर तिसऱ्या रांगेपर्यंतच जायचं आहे. तुम्ही जाल की नाही याचा अंदाज मी या पाटीवर लिहून आणला आहे. पाटी इथे टेबलावर पालथी ठेवते. चुकला तर चालेल.

अध्यक्षांनी मला बोलू दिलं, मॅडमनी पाच मिनिटांची पंधरा होऊ दिली, गावाने शांतपणे ऐकून घेतलं, या सगळ्यांची मी ऋणी आहे. माझ्या बोलण्याने समारंभाचा रंग उतरला असेल तर मोठ्यांनी पदरात घ्यावं.

आणि लाडकी, एक माफी मला वेगळी मागायची आहे, तुझ्या आईसमोर. त्या दिवशी पहिलीत पाच मुलं होती आणि पाचही सकाळपासून गप्प बसली होती. मला मदत नको होती. उत्तर 'कमी' हेच होतं.